नावानं हाक

लेकीकडं झेंडूची रोपं पोचवायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं, एवढंच फकिराच्या मनात होतं. मखमलाबादहून निघताना त्यानं शेजारच्या सोमनाथला तसं बजावलं होतं, "गायीला चारा टाक. दिवे लागायला मी आलोच." अंगावरच्या कपड्यांशिवाय त्यानं काही घेतलं नव्हतं. पिशवी घेतली असती तर लेकीला वाटलं असतं, बाप राहायला आला.

रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली होती. एसटीत ती त्यानं मांडीवर धरली.

"आप्पा, सीटखाली ठेवा की," कंडक्टर म्हणाला.

"लोकांचे पाय लागत्यात," फकिरा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

घोटी मागं पडली आणि धुकं सुरू झालं. इगतपुरीच्या स्टँडवर तो उतरला तेव्हा समोरची दुकानं दिसत नव्हती, नुसते त्यांचे दिवे दिसत होते. दुपारची वेळ होती, श्रावण होता, आणि माणसं बॅटऱ्या लावून चालत होती. लेकीनं जीप पाठवली होती. जीपवाल्याचं सगळं लक्ष रस्ता कुठं संपतो इकडं होतं.

प्रतिभा ही फकिराची एकुलती एक लेक. शिकली, चांगली नोकरी लागली, ती सोडून बिबट्यांच्या मागं लागली. घाटाच्या कडेला साहेबाचा एक जुना बंगला होता. घाटातून रेल्वे काढली त्या काळात कुण्या गोऱ्या इंजिनिअरनं बांधलेला. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, चारी बाजूंनी व्हरांडा. तीन बाजूंना झाडी आणि चौथ्या बाजूला दरी. एका संस्थेनं तो दुरुस्त करून पाहुण्यांना उतरायला खुला केला होता. खोल्यांचं जे भाडं यायचं ते जखमी बिबट्यांच्या औषधपाण्याला लागायचं. आईपासून चुकलेली पिल्लं आईकडं पोचवायची, हेही काम चालायचं. ते सगळं प्रतिभाच्या अंगावर होतं.

इकडं मखमलाबादेत बिबट्या कुत्री उचलायचा, वासरं मारायचा. पारावर बसलेले लोक फकिराला ऐकवायचे, "काय आप्पा, वाघाची मावशी काय म्हणती?" फकिरा उत्तर द्यायचा नाही. लेकीकडं जायचाही नाही. गेलो तर लेकीचं बरोबर म्हटल्यासारखं होईल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

त्याची बायको कलाबाई मात्र मागच्या श्रावणात इथं येऊन राहिली होती. निघायच्या आधी तिनं त्याला विचारलं होतं, "अहो, चला ना. लेकीचं घर तरी बघा एकदा."

"ते घर नाय, धर्मशाळा हाय," तो म्हणाला होता. "तू जा."

"बरं," ती म्हणाली. त्याच्या सगळ्या बोलण्याला तिचं एवढंच उत्तर असायचं.

मार्गशीर्षात ती वारली. शेवंतीच्या वावरात फुलं तोडता तोडता खाली बसली, ती उठलीच नाही. फकिरा तेव्हा नाशकात फुलबाजारात होता. तिनं हाक मारली असेल, नसेल. ऐकायला कोणी नव्हतं. तेव्हापासून फकिराला एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. तिची हाक. नुसतं 'अहो'. एकदा ऐकायला मिळालं असतं तर त्यानं लगेच 'ओ' दिली असती. ती होती तोवर त्यानं तिच्या हाकेला कधी धड ओ दिली नव्हती. तिनं हाक मारायची, त्यानं खाकरायचं. संसार झाला तो असा.

जीप थांबली. व्हरांड्याच्या पायरीवर प्रतिभा उभी होती.

"आलात आप्पा," ती म्हणाली.

"रोपं आणलीत," तो म्हणाला. "दसऱ्याला फुलं धरतील. पण हितल्या पावसात कुजत्यात का बघ."

"जेवायचं पान वाढलंय."

"गाडी कितीला हाय माघारी?"

"आधी जेवा."

जेवण धोंडाबाईनं वाढलं. ती खालच्या वाडीतली, बंगल्याच्या सैपाकघराची मालकीणच म्हणायची. तिचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. भिंतीवर बिबट्यांचे फोटो होते. पूर्वी त्याच खिळ्यांवर साहेबानं मारलेल्या बिबट्यांची कातडी टांगलेली असायची, हे तिनं भात वाढता वाढता सांगितलं. मग म्हणाली, "आप्पा, तुमचं नाव काय हो?"

"का?"

"नाय, मावशी हितं होत्या तवा मी इचारलं, मालकाचं नाव काय. तर सांगनात. लय मागं लागले तर म्हणत्या, दारात मागाया येतो, हिरवं घालतो, मोरपिसाचा झाडू फिरवतो, तो."

प्रतिभा हसली. फकिराच्याही मिशीत थोडं हललं. खरं होतं ते. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून त्याच्या आईनं त्याला दारच्या एका फकिराच्या झोळीत टाकून परत घेतला होता आणि तेच नाव ठेवलं होतं. कलाबाईनं उभ्या जन्मात ते उच्चारलं नाही. दारात खरा फकीर आला तरी ती आत सांगायची, "ते आलेत, ह्यांच्या नावाचे." नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, असं तिला तिच्या आईनं शिकवलं होतं, आणि नवऱ्याचं आयुष्य तिनं फार जपलं.

जेवण होईतो धुकं इतकं दाटलं की जीपवाल्यानं हात वर केले. "आप्पा, आता गाडी काढली तर आपण दोघं सरळ कसाऱ्यात उतरू, रस्ता सोडून."

पाहुण्यांनीही फोनवर येणं रद्द केलं होतं. बंगला मोकळा होता. प्रतिभानं कोपऱ्यातली खोली उघडली. तिचं एक दार दरीकडच्या व्हरांड्यात उघडायचं.

"आई ह्याच खोलीत होती," ती म्हणाली.

फकिरानं खाटेकडं बघितलं आणि टोपी काढून खुंटीला अडकवली. राहतो म्हणाला नाही.

मागच्या खोलीत एका प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये बिबट्याचं पिल्लू होतं. डोळे नुकते उघडलेले, मांजराच्या पिल्लाएवढं. खालच्या गावात भातखाचराच्या कडेला एक पडका झाप, शेतावरची झोपडी, होता. त्यात मादी व्याली होती. माणसं शिरली, मादी बिचकून निघून गेली, आणि हे मागं राहिलं.

"आता काय करती ह्याचं?" फकिरानं विचारलं.

"जिथं सापडलं तिथंच नेऊन ठेवायचं, तिन्हीसांजेला. आपण लांब थांबायचं. आई येते आणि घेऊन जाते."

"येतीच?"

"बहुतेक येते. तिला कुणी हाकललं नसेल तर." तिनं क्रेटवर कोरडं फडकं टाकलं. "फक्त आवाज करायचा नाही. एकदा वाजवून हाकलली तर पुन्हा त्या जागी पाय ठेवेल का, सांगता येत नाही."

मखमलाबादेत बिबट्या आला की थाळ्या वाजवायच्या, फटाके फोडायचे, हीच रीत होती.

चारच्या सुमाराला वनखात्याची गाडी कशीबशी वर आली आणि प्रतिभा पिल्लू घेऊन गेली. पाठोपाठ धोंडाबाई निघाली. तिला धुकं काळं व्हायच्या आत वाडी गाठायची होती. वीज सकाळपासूनच नव्हती. तिनं कंदील लावला आणि एक पितळी थाळी आणि पळी खाटेपाशी ठेवली.

"आवारात येतंय कधी कधी जनावर. आलं तर वाजवा. आन् आप्पा..." ती दारात थांबली. "धुक्यात कुणी नावानं हाक मारली तर ओ देऊ नका. आमच्याकडं म्हणत्यात तसं."

"मला कोण मारतंय नावानं हाक," फकिरा म्हणाला. "मारणारी सगळी वर गेली."

ती हसत गेली. धुक्यात तिचं हसू थोडा वेळ ऐकू आलं, मग तेही गेलं.

बंगला एकदम गप्प झाला. कौलांवरून पाणी ठिबकत होतं. घाटात कुठं तरी मालगाडी चढत होती. तिचा आवाज यायचा आणि मध्येच धुकं तो गिळून टाकायचं. अजून दिवस होता, पण खिडकीबाहेर नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात झाड नाही, कठडा नाही, काही नाही. फकिरानं व्हरांड्याचं दार उघडून बघितलं. धुकं आत आलं, वाट न विचारता. त्यानं दार लावलं, कडी घातली आणि खाटेवर बसला.

मग वास आला. आधी त्याला वाटलं, रोपांचा. रोपं कोपऱ्यात गोणपाटात होती. तो उठून त्यांच्याजवळ गेला. झेंडूचा वास वेगळा. हा शेवंतीचा होता. देठ मोडल्यावर येतो तो कडसर, हाताला चिकटून राहणारा. श्रावणात कुठली शेवंती... तो नाक वर करून उभा राहिला. वास दाराच्या फटीतून येत होता.

बाहेर मुरमावर पाऊल वाजलं.

जनावराचं नव्हतं. जनावराचं पाऊल वाजत नाही. हे माणसाचं होतं, सावकाश. एक पाय टेकायचा आणि दुसरा ओढायचा. व्हरांड्याच्या पायरीशी ते थांबलं. मग पायरीवर एक पाय... आणि मागून दुसरा, तिथंच. पुढच्या पायरीवर एक पाय... आणि मागून दुसरा.

कलाबाईचा उजवा गुडघा धरलेला होता. ती अशीच चढायची.

फकिराला भीती वाटली नाही. तो दाराशी गेला. कडीवर हात ठेवला. त्यानं 'ओ' तयार ठेवली. आता ती म्हणेल. आता म्हणेल, 'अहो'...

"फकिरा..."

कडीवरचा हात तिथंच राहिला.

आवाज तिचा होता. थोडा घोगरा, शेवटी वर जाणारा. त्यात तिळभर फरक नव्हता. पण शब्द तिचा नव्हता. लग्नात घास भरवताना सगळ्यांनी धरून बसवली तरी जी पदर तोंडात घालून नुसती हसत राहिली, ती बाई दाराबाहेर उभी राहून एकेरी नाव घेईल?

"कोण हाय?" तो म्हणाला.

"फकिरा..." पुन्हा आलं, जरा अडखळत, जीभ वळवून बघावी तसं. आणि मागून बारीक हसू. "येऊ का...?"

ते हसू त्याला वेडावल्यासारखं वाटलं. तोवर त्याला भीती नव्हती. आता भीतीही वाटली आणि भीतीच्या वर राग आला. इतके महिने ज्या आवाजासाठी तो कान देऊन झोपायचा, तो कुणीतरी उचलला होता आणि अंगावर घालून दारात आला होता. त्यानं थाळी घेतली आणि पळीनं बडवायला सुरुवात केली. दगडी खोलीत तो आवाज डोकं फोडील असा घुमला.

"नीघ," तो ओरडला. "माझ्या बायकोच्या आवाजात बोलतं व्हय? चल नीघ हितनं. पुन्हा दिसायचं नाय."

हात दुखेपर्यंत त्यानं वाजवलं. मग थांबला. कानात थाळी वाजतच होती. ती हळूहळू विरली. दारापलीकडं अजून कुणीतरी होतं. श्वास ऐकू येत होता, चढ चढून आल्यावर लागतो तसा. मग अगदी हळू, तक्रार नसलेल्या आवाजात शब्द आला.

"बरं."

पावलं वळली. पायरीवर एक पाय, मागून दुसरा. मुरमावर ओढल्याचा आवाज. तो लांब गेला.

फकिरानं कडी काढली तेव्हा बाहेर नुसतं धुकं होतं. तो व्हरांड्यात उभा राहिला. हाक मारावी असं त्याला वाटलं, पण कुणाला मारायची, काय म्हणून मारायची, हे त्याला सुचलं नाही. सगळा जन्म त्यानं तिला 'अगं ए' म्हटलं होतं. शेवंतीचा वास थोडा वेळ राहिला आणि गेला.

प्रतिभा परत आली ती दमून, चिखलानं भरून. क्रेट तिच्या हातात होतं आणि पिल्लू त्यातच होतं.

"नाही आली," ती म्हणाली. "उद्या पुन्हा बघू."

तिनं स्वतःच चूल पेटवली, चहा केला. बाप समोर बसला होता. ती कधी नव्हे ते त्याच्याशेजारी पाटावर बसली.

"पतू," फकिरा म्हणाला, "तुझ्या आईनं कधी माझं नाव घेतलं होतं का गं?"

प्रतिभानं वर बघितलं आणि तिला एकदम हसू आलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"इथंच घेतलं होतं की. मागच्या श्रावणात. मुंबईच्या बायका उतरल्या होत्या, त्या आपापल्या नवऱ्यांना नावानं हाका मारायच्या. आईला लई मजा वाटायची. 'काय गं, त्याला राग नाय येत?' म्हणून विचारायची. निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, तू पण मार. इथं कोण ऐकतंय. तर गेली कठड्यापाशी, पदर सावरला आणि दरीत मारली हाक. 'फकिरा' म्हणून. काय लाजली ती. तोंड झाकून आत पळाली, गुडघा धरून." प्रतिभा हसता हसता डोळे पुसू लागली. "एरवी दरी आवाज परत देते आप्पा. त्या दिवशी नाही दिला. आई म्हणाली, 'झालं ते बेस झालं. कुणी ऐकलं नाय.'"

फकिरानं कप खाली ठेवला.

"आणि जाताना जीपमध्ये बसली तेव्हा म्हणाली, 'येते गं. पुढल्या वेळी ह्यांना घेऊन येते. आन् हितं नावानं हाक मारते. घरी नाय जमायचं मला. हितं जमंल.'" प्रतिभानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "बघायचं होतं तिला, तुम्ही काय करता ते. चिडता का हसता... आप्पा, काय झालं?"

"काय नाय," फकिरा म्हणाला. "धूर लागला."

सकाळी धुकं जरा उठलं. फाटकाकडच्या वाटेवर झाडाला एक कॅमेरा बांधलेला होता, येणारंजाणारं जनावर टिपायला. प्रतिभानं त्यातलं कार्ड आणून लॅपटॉपला लावलं. फकिरा मागं उभा होता.

"हे काय विचित्र," ती म्हणाली. "काल धोंडाबाई गेल्यापासून मी येईपर्यंतचे इतके फोटो, आणि एकातही काही नाही. नुसतं धुकं."

"पावसानं काढलं असंल."

"पावसानं नाही निघत. समोरून ऊब असलेलं अंग गेलं तरच हा टिपतो. बिबट्या, माणूस, गाय, असं. गार वस्तूनं तो चालू होत नाही." तिनं फोटो पुढंमागं केले. "दोनदा टिपलंय, मध्ये थोडा खंड. कुणीतरी वर आलंय, आणि मग परत गेलंय."

"जाताना पण ऊब होती?" फकिरानं विचारलं.

प्रतिभानं मान वळवून बापाकडं बघितलं. "हो," ती म्हणाली. "जाताना पण."

फकिरा बाहेर गेला. जीपवाला विचारायला आला, तेव्हा म्हणाला, "रोपं लावायची राहिलीत." मग दुपारपर्यंत तो आवारात खड्डे घेत राहिला. दगडगोटे काढले, मुळं मोकळी केली, एकेक रोप दाबून बसवलं. हात चालत होते. तोंडानं तो काहीतरी पुटपुटत होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, रोपांशी बोलतोय.

धोंडाबाई थाळी घेऊन आली. "आप्पा, पोचे पाडलेत की हिला. आलं होतं का काय?"

"आलं होतं."

"मंग वाजवली ते बरं केलं."

फकिरानं मातीचे हात धोतराला पुसले. "धोंडाबाय, ह्या दरीत हाक मारली तर काय व्हतं?"

"काय व्हनार. माघारी येती."

"आन् नाय आली तर?"

धोंडाबाईचं तोंड पहिल्यांदाच जरा थांबलं. "आमच्यात दरीत कुणाचं नाव टाकत नायत," ती म्हणाली. "टाकलं आन् माघारी आलं नाय, तर म्हणत्यात, दरीनं ठिवून घेतलं. दरी नाव शिकती." मग तिला वाटलं असावं, म्हाताऱ्याला उगीच भिववलं. "म्हणत्यात आपलं. तुम्ही च्या घेता का?"

फकिरानं चहा घेतला नाही.

दुपार उतरली तसं धुकं दरीतून पुन्हा वर चढलं. आधी कठडा गेला, मग नवी लावलेली रोपं गेली. प्रतिभा पिल्लू घेऊन खाली गेली, धोंडाबाई वाडीला गेली. जाताना तिनं थाळी ठेवली होती, ती फकिरानं सैपाकघरात नेऊन फडताळात सगळ्यात मागं सरकवली. दरीकडच्या व्हरांड्यात साहेबाच्या वेळचा एक लांब सागवानी बाक होता. तो त्यावर जाऊन बसला, अगदी मधोमध. पाठीमागचं दार त्यानं सताड उघडं ठेवलं. कंदील लावला नाही.

त्याला लाज वाटत होती. एवढ्या वयात, कुणी नसताना. मग त्यानं घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द तोंडातून काढला.

"कला..."

धुकं जरा हललं. ठिबकणारं पाणी थांबलं की काय असं वाटलं.

"कला, मी हाय हितं. चूक झाली. ये."

फाटकाच्या बाजूला, मुरमावर, पाऊल वाजलं. एक पाय टेकला, दुसरा ओढला.

"अहो..."

फकिराचे डोळे भरले. हेच. हेच हवं होतं. शेवंतीचा वास आला. त्याचा ओठ हलू लागला, आणि इतके दिवस जपलेली ओ त्यानं दिली.

"ओ," तो म्हणाला. "ओ..."

आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं, कठड्याच्या पलीकडून, जिथं पाय ठेवायला काही नव्हतं, खाली नुसती दरी होती, तिकडून आवाज आला.

"फकिरा..."

तोच आवाज. घोगरा, शेवटी वर जाणारा. मागून बारीक, लाजल्यासारखं हसू.

फकिराची मान ताठ झाली. डाव्या हाताला वाट होती, समोरून उजव्या हातापर्यंत दरी. दोन्हीकडं धुकं सारखंच पांढरं होतं.

"येऊ का...?" वाटेवरून आलं.

"येऊ का...?" दरीतून आलं.

तो विचार करू लागला. 'अहो' म्हणणारी कलाबाई त्याला माहीत होती. सगळा जन्म तिनं तशीच हाक मारली होती. पण इथं नावानं हाक मारीन असं ती लेकीला सांगून गेली होती, आणि काल तेच करायला आली होती, पाय ओढत, वाट चढून. मग आज 'अहो' म्हणून कोण आलं? का काल थाळी ऐकून ती ओशाळली आणि आज जुन्या हाकेवर आली? मग दरीतून नाव घेतंय ते कोण? दरीनं ठेवून घेतलेलं ते? आणि दरीत पडलेली हाक तरी कुणाची होती. तिचीच होती ना.

त्याला काही ठरवता येईना. दोघींतली एक कलाबाई होती. एकीला जा म्हणायचं, आणि जी गेली ती कलाबाई असली तर...

काल एकदा त्यानं तिला हाकललं होतं. ती बरं म्हणून गेली होती. आज पुन्हा हाकलायचं बळ त्याच्यात नव्हतं. कुणालाच.

"ये," फकिरा म्हणाला.

वाटेकडची पावलं पायऱ्या चढू लागली. एक पाय, मागून दुसरा. दरीकडचा कठडा करकरला आणि तिकडूनही पावलं आली. एक पाय, मागून दुसरा. बाकाचं डावं टोक दबलं. मग उजवं टोक दबलं. तो समोर बघत राहिला. हात गुडघ्यांवर घट्ट धरून ठेवले. एका बाजूला मान वळवली तर दुसरीकडं पाठ होणार होती. दोन्ही खांद्यांना ऊब लागत होती. सारखीच.

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. मग झाडीतून जीपचा उजेड आला. प्रतिभा जवळजवळ पळतच पायऱ्या चढली. तिच्या हातातलं क्रेट रिकामं होतं.

"आप्पा, आली," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "आई आली. आम्ही बघत होतो. आली, हुंगलं, मानेला धरलं आणि घेऊन गेली. मला तर वाटलं होतं, आता येतच नाही..." तिनं क्रेट खाली ठेवलं आणि अंधारात डोळे बारीक केले. लांबलचक बाक होता आणि त्याच्या मधोमध बाप एकटा बसला होता, दोन्ही कोपर अंगाशी आवळून, गर्दीत बसावं तसा. "असे अंधारात काय बसलात? सरका जरा. मी पण टेकते."

फकिरानं मान वळवली नाही.

"तू आत जा पतू," तो अगदी हळू म्हणाला, कुणाला राग येऊ नये अशा आवाजात. "हितं जागा नाय."